आमची दोन-स्ट्रोकची चेतक

स्कूटर हा कला शाखेच्या विद्यार्थिनीचा विषय नव्हे, असे आमच्या वर्गातील काहींचे मत आहे. त्यांनी हा लेख सोडून पुढच्या पानांवरील कविता खुशाल वाचाव्यात. परंतु ज्यांच्या गोठ्यात किंवा जिन्याखाली एखादी जुनी चेतक पोते पांघरून पडली आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. आणि अशी घरे आपल्या भागात थोडी नाहीत.

आमची गाडी १९८९ सालची. इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर असताना अण्णांनी ती १९९८ मध्ये एका निवृत्त शिक्षकांकडून घेतली. २००९ मध्ये इंजिन जाम झाले तेव्हापासून ती गोठ्यात उभी होती. मागच्या दिवाळीत भंगारवाल्याने तिचे अडीच हजार देऊ केले. आईचे म्हणणे, तेवढ्यात माझी फी भागेल. माझे म्हणणे निराळे होते. आमच्या गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. साडेपाचला सुटते आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय साडेसातपर्यंत उघडे असते. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पुस्तके घरी नाहीत, ती तिथेच आहेत. गाडी सुरू झाली तर रोजचे दोन तास माझे. न झाली तर अडीच हजार गेले आणि वर खर्चही. अण्णा एवढेच म्हणाले, "आधी खोलून बघू की."

या स्कूटरचे मूळ इटलीत आहे. १९४६ साली पियाज्जो कंपनीसाठी कोर्रादिनो दास्कानियो या विमानतज्ज्ञाने व्हेस्पा रचली. त्याला मोटारसायकल आवडत नसे, म्हणूनच त्याने इंजिन पत्र्याखाली झाकले आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. बजाज कंपनीचा पियाज्जोशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, हे आता खरे वाटत नाही.

इंजिनाचा दंडगोल ५७ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धावही तेवढीच. हिशेब केला तर १४५ घनसेंटिमीटर होतात. दोन-स्ट्रोकची युक्ती अशी की, त्यात झडपा नाहीत. पिस्टन वर जाताना डोक्यावरचे मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी पोटाखाली, क्रँकच्या खोलीत, कार्बोरेटरमधून नवे मिश्रण ओढून घेतो. ठिणगी पडली की तो खाली येतो, भिंतीतील भोके उघडी पडतात. एकातून धूर बाहेर, दुसऱ्यातून खालचे मिश्रण वर. एकाच फेरीत सगळे काम. थोडे न जळलेले पेट्रोलही धुराबरोबर निघून जाते, आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे हेच तिच्या मुळावर आले.

म्हणजे क्रँकची खोली हेही एक फुप्फुस आहे. तिला दोन बाजूंना ऑईल सील असतात. आमचे दोन्ही वाळून कडक झाले होते. मॅग्नेटोकडचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन धरतो. क्लचकडचे गेले तर गिअरचे ऑईल आत ओढले जाते आणि गाडी पांढरा धूर ओकते. गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीचा आधी कार्बोरेटर साफ करतात, कारण ते सोपे. सील बदलायचे तर अख्खे इंजिन उतरवावे लागते.

जाम पिस्टन हातोडीने मारायचा नसतो. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून आम्ही आठ दिवस वाट पाहिली, मग मॅग्नेटोचे चाक हाताने पुढेमागे हलवत तो सोडवला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर मारून घेतला आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. त्याच्या खाचेत एक बारीक खिळी असते, रिंगची दोन टोके तिच्यापाशीच ठेवायची. रिंग फिरली तर तिचे टोक भिंतीतील भोकात अडकून तुटते. चार-स्ट्रोकवर हात बसलेल्या तरुण मिस्त्रींना ही खिळी सांगावी लागते, हे मी पाहिले आहे.

वंगण पेट्रोलमधूनच येते, लिटरला वीस मिलिलिटर. म्हणून लांब उतारावर अ‍ॅक्सिलेटर मिटून गाडी गिअरमध्ये सोडू नये. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. आता नवी अडचण इथेनॉलची. २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर फुगवते आणि हवेतले पाणी धरते, तेव्हा पेट्रोलची नळी आणि वायसर नवे घातले. ज्या उसावर आमचा जिल्हा जगतो त्यानेच आमच्या स्कूटरचे रबर खावे, ही गंमतच.

पत्र्याचे काम सर्वांत महाग पडले. या गाडीला वेगळा सांगाडा नाही, अंगचा पत्राच सांगाडा. पाय ठेवायची पाटी खालून सडली असेल तर नुसती लांबी भरून रंग मारणे म्हणजे फसवणूक. सडके कापून नवा तुकडा वेल्डिंग करावा लागतो. आम्ही तसे केले, रंग अजून प्रायमरवरच थांबला आहे.

अण्णांना मागाच्या आवाजाने कमी ऐकू येते. इंजिन सुरू झाले त्या दिवशी मी आवाज ऐकत होते आणि ते डिकीच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभे होते. "पॉइंट जरा उघड," म्हणाले. उघडले, आणि थरथर बसली.

राहिले ते कागद. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आमची २००९ मध्येच संपली आहे. नमुना २५ भरला आहे, दंडही भरावा लागेल. निरीक्षक चासी नंबर पडताळतात, म्हणून रंग देताना त्या आकड्यांवर लांबी जाऊ द्यायची नाही, ते कागद चिकटवून झाकायचे. गिअरच्या गाडीचे माझे लायसन्स आले आहे. तपासणी पुढच्या महिन्यात आहे.