सिडनी : धुरावलेला अँप ते फाइलमधला स्पीकर

१९७७ मध्ये सिडनीच्या अल्बर्ट स्टुडिओत एसी/डीसी हा रॉक बँड ‘लेट देअर बी रॉक’ हा अल्बम रेकॉर्ड करत होता. शीर्षकगीताच्या टेकमध्ये गिटारवादक अँगस यंगच्या अँपमधून धूर निघू लागला, पण निर्माता असलेला थोरला भाऊ जॉर्ज यंग याने टेक थांबू दिला नाही. किस्सा बँडनेच सांगितलेला. अँपच्या स्पीकरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आणण्याचे आज दोन मार्ग आहेत.

माइक लावून : स्पीकरच्या जाळीजवळ माइक, बहुधा शुअर एसएम ५७. कोनच्या मध्याशी आवाज धारदार, कडेला सरकवला की मऊ. दोन माइकांच्या स्पीकरपासूनच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक असेल, तर एकाकडे आवाज सुमारे १ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि काही कंप्रतांवर दोन्हींचे आवाज एकमेकांना मारतात.

इम्पल्स रिस्पॉन्स (आयआर) : खर्जापासून टिपेपर्यंत सरकणारा चाचणीचा स्वर स्पीकरमधून वाजवून माइकने टिपतात. त्यावरून स्पीकर, माइक आणि खोली यांचा एकत्रित प्रतिसाद गणिताने काढून फाइलमध्ये साठवतात आणि नंतर गिटारच्या आवाजावर चढवतात. ४८ किलोहर्ट्झला २,०४८ नमुन्यांची फाइल जेमतेम ४३ मिलिसेकंदांची.

आयआरमध्ये काय सुटते : मोठ्या आवाजात स्पीकरचे स्वतःचे फाटणे, आणि अँपसमोरच्या गिटारच्या तारांना मिळणारा फीडबॅक.

आयआरने काय साधते : मध्यरात्री फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना न उठवता रेकॉर्डिंग. वाजवून झाल्यावरही कॅबिनेट (स्पीकरची पेटी) बदलता येते.

फिनलंडच्या न्यूरल डीएसपीने २०१९ मध्ये सिडनीचाच गिटारवादक प्लिनी याच्या नावाने असे प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचा प्रोग्राम) आणले. त्यातला माइक पडद्यावर माउसने सरकवायचा; स्वतःची आयआर फाइलही जोडता येते.