मूर्तींचा कारखाना : घर, शेत की उद्योग?

पेण तालुक्यात पनवेल-रोहा लोहमार्गावर जिते स्थानक सोडले की हमरापूर लागते. हा परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘कारखाना’ हा शब्द मात्र फसवा आहे. घराच्या पडवीत साचे, अंगणात ओल्या मूर्ती आणि जागा अपुरी पडली की भातशेतात उभारलेली बांबू-ताडपत्रीची शेड! या शेडची गणना कशात करावयाची?

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने शेतावरील इमारतीच्या व्याख्येत अवजारे, खत, वैरण व धान्य यांची साठवण, गुरांचा निवारा आणि शेतकरी कुटुंबाचा निवास यांचा समावेश केला. याव्यतिरिक्त उपयोग शेतीचाच अविभाज्य भाग असावा लागतो. मूर्ती वाळविणे त्यात बसत नाही. हात तेच, काम तेच. परंतु गावठाणातील पडवीला न पडणारा अकृषिक वापराचा प्रश्न शेतातील शेडपुढे उभा राहतो.

ग्रामपंचायतीने नमुना ८ मध्ये शेडची नोंद करून कर घेतला की वापर नियमित झाला, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. ती नोंद केवळ कर आकारणीची असते. तिच्यामुळे सातबाऱ्यावरील शेतजमीन अकृषिक ठरत नाही. कर्जासाठी बँक जागेचे कागद मागते तेव्हा ही गफलत उघडकीस येते, आणि तोवर हंगाम तोंडावर आलेला असतो.