शाळेच्या पाटीवरची सेंट कॅथरीन



अमेरिकेत शाळा शोधताना ‘सेंट कॅथरीन ऑफ सिएना स्कूल’ ही पाटी आपल्यापैकी बऱ्याच जणांना दिसते. या नावाच्या शाळा अनेक राज्यांत आहेत, पण ती एकाच संस्थेची साखळी नव्हे. नाव मुळात चर्चचं. शाळा त्या चर्चच्या पॅरिशची. १८८४ साली बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली, तिथे प्रत्येक चर्चजवळ शाळा काढण्याचा आदेश निघाला. त्यामुळे चर्चचा संत तोच शाळेचा.

ही कॅथरीन इटलीतल्या सिएनाची. १३४७ साली एका रंगाऱ्याच्या घरी जन्मली, भावंडं वीसाच्या वर. घरच्यांनी लग्नाचं काढलं तर हिने केसच कापून टाकले! काही वर्षं घरातल्याच एका खोलीत मौन आणि प्रार्थना, मग बाहेर पडून रोग्यांची सेवा. ईश्वराशी झालेला संवाद तिने सांगितला आणि इतरांनी लिहून घेतला. अविन्योंला बसलेल्या पोपला तिने ‘रोमला परत चला’ असं पत्रांतून आणि समक्षही ठणकावून सांगितलं, आणि १३७७ मध्ये ते खरोखर परतले. मला तर ताटी उघडायला लावणारी आपली मुक्ताईच आठवते. कॅथरीन १३८० मध्ये गेली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी.

आता कामाचं. या शाळा बहुधा आठवीपर्यंत असतात आणि इतर धर्मांच्या मुलांनाही घेतात. फी पॅरिशच्या सभासदांना सहसा कमी, म्हणजे आपल्याला जास्त. धर्माचा तास सगळ्यांना असतो, त्याला मार्कही असतात. मास असली की सगळा वर्ग चर्चमध्ये जातो. आपलं मूल तिथे बसतं, पण कम्युनियन घेत नाही. खरी अडचण दुसरीत येते. वर्गातल्या बऱ्याच मुलांची फर्स्ट कम्युनियनची तयारी चालू असते, नव्या कपड्यांच्या आणि पार्टीच्या गोष्टी चालतात, आणि सात वर्षांचं मूल घरी येऊन ‘मला का नाही?’ विचारतं. याचं उत्तर आईबाबांनी आधी आपसात ठरवून ठेवलेलं बरं.

मुलाला बोलण्यात किंवा शिकण्यात खास मदत लागत असेल तर ती कोण देणार, हे प्रवेशाआधीच विचारा. सरकारी शाळेवर असते तशी कायद्याची सक्ती खाजगी शाळेवर नसते.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कॅथलिक स्कूल्स वीक सुरू होतो. तेव्हा बऱ्याच शाळांत ओपन हाऊस असतं. मुलांना घेऊनच जा.