जाहिरात आणि दिलेला शब्द

जमीन आणि घर या वस्तू बाजारातील इतर वस्तूंसारख्या नाहीत. कापड हलके निघाले तर वर्षभरात फाटते आणि विसरले जाते. जमीन चुकीची पदरात पडली तर बाप कचेरीच्या पायऱ्या झिजवतो आणि त्याच्यामागून मुलगाही त्याच पायऱ्या चढतो. म्हणूनच असा व्यवहार जुळवून देणाऱ्या मध्यस्थास गावात एक मान असे, आणि त्याच्यावर गावाची नजरही असे. आज हा व्यवसाय ओटीवरून उठून हातातील मोबाईलवर गेला आहे. म्हापसा, मडगाव, बेळगाव, वडोदरा, इंदूर अशा ठिकाणी आपल्या कुटुंबांतील कितीतरी तरुण-तरुणी त्यात उतरत आहेत, आणि त्यांचेच आईबाप, काकामामा त्याच मोबाईलवर घरे पाहत आहेत. या नव्या बाजारात शिरताना विकणाऱ्याने काय जपावे आणि घेणाऱ्याने काय पाहावे, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

जुन्या मध्यस्थाचे भांडवल काय होते? त्याच्यापाशी ना कचेरी होती, ना फलक. त्याला जमिनीच्या चतुःसीमा तोंडपाठ असत. विहिरीवर वाटणीदार किती, पाऊलवाट कोणाच्या कुळागरातून जाते, थोरला भाऊ सही करील की अडून बसेल, हे सारे त्याला ठाऊक असे. तो खोटे बोलला तर पुढच्याच आठवड्याच्या बाजारात फसलेला माणूस त्याच्यासमोर उभा राही. ही भेट चुकवता येत नसे, आणि खरे बोलण्यास तीच पुरेशी जामीन होती.

नव्या साधनांनी ही अपरिहार्य भेट नाहीशी केली. आपल्या देशात २००५ साली नाइन्टी नाइन एकर्स आणि २००६ साली मॅजिकब्रिक्स ही घरांच्या जाहिरातींची संकेतस्थळे सुरू झाली. पुढे फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम हीही घरविक्रीची दालने बनली. यांचा लाभ मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. लंडनला किंवा आखातात नोकरीस असलेला भाऊ आज घराची एकेक खोली चलच्चित्रात पाहू शकतो. भांडवल नसलेली एखादी होतकरू मुलगी मोठ्या कंपनीच्या बरोबरीने गिऱ्हाईक मिळवू शकते. परंतु ज्याने कधी समोर यायचे नाही, त्यास खोटे बोलणेही सोपे झाले आहे. गावाची नजर हटली, तिची जागा कोणी घ्यायची, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

जाहिरात आपल्यापर्यंत येते कशी

वर्तमानपत्रातील जाहिरात सर्वांना सारखीच दिसते. मोबाईलवरील तशी नसते. आपण काय शोधतो, काय पाहतो, कोठे राहतो यावरून ती कंपनी आपल्याविषयी अंदाज बांधते आणि त्या अंदाजानुसार जाहिरात दाखवते. ‘स्वस्त प्लॉट’ असे एकदा शोधले की आठवडाभर प्लॉटच प्लॉट दिसू लागतात. तेव्हा अमुक जाहिरात वारंवार दिसते म्हणून ती खरी किंवा लोकप्रिय, असे कोणी समजू नये. जाहिरातदाराने पैसे मोजले आहेत आणि यंत्राने आपल्याला हेरले आहे, एवढाच तिचा अर्थ.

या हेरण्याचा दुरुपयोग कसा होतो, हे अमेरिकेत दिसून आले. वंश, धर्म इत्यादी कारणांवरून घर नाकारू नये, असा कायदा तेथे १९६८ पासून आहे. तरीही घरांच्या जाहिराती ठराविक लोकांनाच दाखवाव्यात आणि इतरांना दिसूच देऊ नयेत, अशी सोय फेसबुकवर होती. मार्च २०१९ मध्ये तेथील गृहनिर्माण खात्याने या प्रकरणी कंपनीवर आरोप ठेवला. त्याच महिन्यात नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांशी तडजोड करून घरांच्या जाहिराती वय, लिंग व टपाल विभागावरून निवडक लोकांना दाखवण्याची सोय कंपनीने तेथे काढून टाकली. जून २०२२ मध्ये न्यायखात्याशी दुसरी तडजोड झाली आणि १,१५,०५४ डॉलर दंड भरावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीस ही रक्कम क्षुल्लक. पण कायद्याने आकारता येणारा तो कमाल दंड होता. ‘अमुक समाजाच्या लोकांना घर देणार नाही’ असे उत्तर आपल्याकडील शहरांतही भाडेकरूंना ऐकावे लागते. ते उत्तर तोंडाने दिले तर निदान ऐकू येते; यंत्राने दिले तर ज्याला नाकारले त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या तरुण मध्यस्थांनी हा धडा ध्यानात ठेवावा.

चांगली जाहिरात कोणती

या व्यवसायात शिरणाऱ्यांना वाटते की जितके लोक चित्र पसंत करतील तितका धंदा वाढेल. तसे होत नाही. हजार जणांनी अंगठा दाखवला आणि घर पाहायला एकही आला नाही, तर ती करमणूक झाली, विक्री नव्हे. चौकशी किती झाली, किती जण प्रत्यक्ष आले आणि व्यवहार किती जुळले, याचीच वहीत नोंद ठेवावी.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, कॅमेरा सरळ धरून काढावीत. लहान खोली मोठी भासवणारी भिंगे वापरू नयेत, कारण प्रत्यक्ष पाहताक्षणी गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. किंमत लिहावी, ‘किमतीसाठी संपर्क करा’ असे वाचून खरा घेणारा बहुधा पुढे सरकतो. क्षेत्रफळ लिहिताना ते चटईक्षेत्र आहे की जिना व गच्चीचा वाटा धरून काढलेले आहे, ते स्पष्ट करावे. ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ असे लिहिण्याऐवजी अंतर किलोमीटरमध्ये द्यावे. घरातील उणीवही सांगावी. पावसाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात विहीर आटते, वाट सामाईक आहे, हे जो आधीच सांगतो त्याच्या उरलेल्या शब्दांवर लोक विश्वास ठेवतात.

विकले गेलेले घर त्याच दिवशी जाहिरातीतून काढावे. विकलेल्या सुंदर घराचे चित्र तसेच ठेवून गिऱ्हाईक बोलवायचे आणि ‘ते गेले हो, पण दुसरे दाखवतो’ म्हणायचे, ही रीत फार बोकाळली आहे. ती गळाला आमिष लावण्यासारखीच आहे. गूगलवर आपल्याच नातेवाईकांकडून स्तुतीचे अभिप्राय लिहून घेणेही त्याच जातीचे. लोकांचे दूरध्वनी क्रमांक त्यांना न विचारता व्हॉट्सॲपच्या समूहात घालू नयेत. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा गाभा संमती हाच आहे.

आणखी एक सावधगिरी गावच्या जुन्या घरांविषयी. ‘मालक परदेशी, घर दहा वर्षे बंद’ असे लिहून घराचे नेमके ठिकाण नकाशासह जगापुढे मांडले, तर ते घेणाऱ्याआधी चोर वाचतो आणि चोराआधी बनावट कागद करणारा वाचतो. असे तपशील खात्रीच्या गिऱ्हाइकालाच प्रत्यक्ष द्यावेत.

कायदा काय म्हणतो

स्थावर संपदा अधिनियम संसदेने २०१६ साली केला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे अमलात आला. लोक त्यास ‘रेरा’ म्हणतात. पाचशे चौरस मीटरहून अधिक जमिनीवरचा किंवा आठाहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदणी केल्यावाचून विकता येत नाही. त्याची जाहिरातही करता येत नाही. प्रत्येक जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाचे संकेतस्थळ ठळक असले पाहिजे. कायद्यातील ‘जाहिरात’ या शब्दात कोणत्याही माध्यमातून केलेली प्रसिद्धी येते. म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेले चित्रसुद्धा जाहिरातच होय. शेजारच्या महाराष्ट्रात तर १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर चौकट बंधनकारक आहे. मोबाईल तिच्यासमोर धरला की प्रकल्पाची नोंदलेली माहिती उघडते.

अशा प्रकल्पातील घरे विकणाऱ्या मध्यस्थानेही स्वतःची नोंदणी करावी लागते. नोंदणीविना काम केल्यास दिवसाला दहा हजार रुपयेपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले व त्याचे नुकसान झाले, तर बांधकाम करणाऱ्याने भरपाई द्यावी, आणि घेणाऱ्यास माघार घ्यायची असल्यास सारी रक्कम व्याजासह परत करावी, असे कलम १२ सांगते. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे कलम १३ सांगते. ही दोन कलमे प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावीत. पैसे घेऊन घराची वाखाणणी करणारे मोबाईलवरील प्रसिद्ध चेहरेही मोकळे नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्यांना दहा लाख रुपयेपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत.

जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही

परंतु आमच्या बहुतेक वाचकांचा व्यवहार प्रकल्पातील सदनिकेचा नसतो. तो असतो वडिलोपार्जित घराचा, पाच-दहा गुंठ्यांचा, नारळीच्या तुकड्याचा. अशा जुन्या घराच्या किंवा सुट्या भूखंडाच्या विक्रीस रेराची नोंदणी लागत नाही. तेथे मध्यस्थाच्या सचोटीवाचून फारसे संरक्षण नाही, आणि नेमके तेथेच कागद अधिक गुंतागुंतीचे असतात.

गोव्याचेच पाहा. तेथील पोर्तुगीज वारशाच्या नागरी कायद्याप्रमाणे विवाहाने पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक होते. म्हणून विक्रीखतावर दोघांचीही संमती लागते. मालक वारल्यास मुलामुलींचा हक्क सारखा असतो, आणि वाटणीसाठी अनेकदा न्यायालयात इन्व्हेंटरीचे काम चालवावे लागते. लिस्बनला स्थायिक झालेल्या बहिणीची सही नसताना ‘स्पष्ट मालकी हक्क’ असे जाहिरातीत लिहिणे म्हणजे लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणे होय. बनावट जुन्या दस्तऐवजांवर लोकांच्या जमिनी बळकावल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की २०२२ साली गोवा शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्य आयोगही बसवला. परदेशी गेलेल्या आणि मागे कोणी न उरलेल्या मालकांच्या जमिनींवरच अशांचा विशेष डोळा होता.

सबब केवळ उताऱ्यावर भिस्त ठेवू नये. गोव्यातील एक-चौदा असो, बेळगावकडील पहाणीचा उतारा असो, वडोदऱ्याचा सात-बारा असो वा इंदूरचा खसरा असो, महसुली नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, हेही त्याच न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खतानेच होते. व्हॉट्सॲपवर ‘सौदा पक्का’ असे आले म्हणून घर कोणाचे होत नाही.

घेणाऱ्याने काय करावे

जागा स्वतः पाहावी, शक्य तर भर पावसाळ्यात. शेजाऱ्यास विचारावे, जे कागदावर नसते ते त्याला माहीत असते. निबंधक कार्यालयातून मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा आणि कागद स्वतः निवडलेल्या वकिलास दाखवावेत, विकणाऱ्याने सुचवलेल्यास नव्हे. ‘आज विसार भरा, उद्या भाव वाढेल’ असे जो म्हणतो त्याला उद्याच भेटावे. घर भाड्याने द्यायची जाहिरात केली आणि सैन्यातील अधिकारी म्हणवणाऱ्याने भाडे पाठवण्यासाठी क्यूआर चौकट धाडली, तर ती उघडू नये. पैसे येण्यासाठी गुप्त पिन कधीच टाकावा लागत नाही. तो टाकला की आपलेच पैसे जातात. फसवणूक झालीच तर क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

शेवटी या व्यवसायातील आपल्या तरुणांस चार शब्द. साधने बदलतील. आज जे माध्यम सर्वांच्या हाती आहे ते दहा वर्षांनी कदाचित कोणी उघडणारही नाही. पण तुम्ही ज्याला घर घेऊन दिले तो माणूस त्या घरात राहील, त्याची मुले तेथे वाढतील, आणि कोणी विचारले तर तो तुमचे नाव घेईल. कृतज्ञतेने किंवा शिव्याशाप देत. जुन्या मध्यस्थाला आठवड्याच्या बाजारात जो माणूस भेटे, तो तुम्हालाही भेटणारच आहे, फक्त थोडा उशिरा. मोबाईलवर लिहिलेली प्रत्येक ओळ त्याच्या तोंडावर बोलल्यासारखी लिहा. जाहिरात हा दिलेला शब्दच आहे. तो हजारो लोकांना एकदम दिला म्हणून हलका होत नाही.