बिटकॉइनची वही चौकात टांगलेली असते

आता पैसे घेण्याकडे वळू. बिटकॉइन म्हणजे गुप्त पैसा, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. आपल्या जळगावच्या सराफ बाजारात दुकानदाराची वही गादीपाशी असते. मागितली तरी तो दाखवणार नाही. बिटकॉइनची वही मात्र चौकात टांगलेली आहे. २००९ पासूनचा प्रत्येक व्यवहार तिच्यात आहे, खोडता येत नाही. नाव तेवढं नाही, नावाच्या जागी पत्ता.

समजा, धुळ्यातली एक मुलगी वेबसाइटची कामं करते आणि पुण्या-मुंबईच्या तीन गिऱ्हाइकांना एकच पत्ता देते. पहिल्याने तो पत्ता ब्लॉक एक्स्प्लोररवर टाकला, की त्याच पत्त्यावर आणखी कुणी किती दिले, शिल्लक किती, सगळं समोर. दुसऱ्याकडून तिने निम्मेच घेतले असतील, तर पुढच्या कामाचा भाव कसा ठरेल, तुम्हीच सांगा! तोच पत्ता तिने स्वतःच्या प्रोफाइलवर लावला असेल, तर मग विचारूच नका.

उपाय जुनाच आहे. सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या निबंधातच म्हटलंय, की दर व्यवहाराला किल्ल्यांची नवी जोडी वापरावी. आजची बहुतेक वॉलेटं 'रिसीव्ह' दाबलं की नवा पत्ता काढून देतात. हे सगळे पत्ते त्याच १२ किंवा २४ शब्दांतून निघतात, त्यामुळे बॅकअप एकच पुरतो आणि जुन्या पत्त्यावर आलेले पैसेही बुडत नाहीत. वॉलेटमध्ये 'एक्सपब' नावाची एक लांबलचक ओळ असते. ती कुणाच्या हाती गेली तर पैसे चोरीला जात नाहीत, पण तिच्याखालचे सगळे पत्ते त्याला एकदम दिसतात. मागेल त्याला देऊ नका.

मेख पुढे आहे. तीन पत्त्यांवरचे पैसे तिने एकाच व्यवहारात एकत्र खर्च केले, की हे तिन्ही एकाच माणसाचे, असा अंदाज बघणारा बांधतो. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. म्हणून पैसे आले त्याच दिवशी कुणाचे ते वॉलेटमध्ये लिहून ठेवा, आणि 'कॉइन कंट्रोल'ची सोय असेल तर खर्च करताना निवडून करा.

हे कर चुकवायला आहे का? नाही. एक्स्चेंजकडे तुमची केवायसी असतेच, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आलेत. नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे. कामाचा मोबदला हेही उत्पन्नच. आडोसा हवा तो गिऱ्हाइकापासून, भाऊबंदांपासून आणि चोरापासून. सीएला दाखवायला तारीख, पत्ता आणि त्या दिवसाचा रुपयांतला भाव असे तीन रकाने पाडून वेगळी वही ठेवा. ती घरात.