घरमालक, भाडेकरू आणि विजेचे बिल

हवामानबदल हा विषय मोठ्या परिषदांचा आणि राज्यकर्त्यांचा. चार-सहा खोल्यांचे घर असलेल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. आपल्या हैदराबादेत ज्यांचे वडिलोपार्जित घर आहे, खाली स्वतः राहतात आणि वरचा मजला भाड्याने देतात, अशा सामान्य घरमालकाशीच या विषयाचा फार जवळचा संबंध आहे. तो कसा, आणि त्याविषयी आपल्याला काय करता येईल, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आपल्या घरात धुराचे धुराडे नसते हे खरे. परंतु आपण दिवा लावतो तेव्हा धूर दुसरीकडे निघतो. रामगुंडम आणि कोत्तागुडेम येथील औष्णिक केंद्रांत सिंगरेणीच्या खाणींतला कोळसा जळतो व त्याची वीज तारांतून येते. 1000 वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. देशातील सर्व प्रकारच्या वीजकेंद्रांची सरासरी काढली, तर एका युनिटामागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. म्हणजे महिन्याला 200 युनिटे जाळणारे कुटुंब सुमारे 140 किलो वायू हवेत सोडते. हा वायू सूर्याची उष्णता पृथ्वीभोवती अडकवून ठेवतो. उकाडा वाढला म्हणून आपण अधिक पंखे व कूलर लावतो, आणि त्यांच्यासाठी पुन्हा कोळसा जळतो. असे हे चक्र आहे.

हे चक्र थांबवण्याची सुरुवात गच्चीपासून करावी. जुन्या घरांच्या भिंती जाड, छत उंच आणि गच्चीवर चुन्याचा कोबा असे. आज बहुतेक ठिकाणी सिमेंटचा पातळ स्लॅब आहे. तो काळवंडला की दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खालच्या खोलीत सोडतो. म्हणून वरच्या मजल्यावर बाहेरची हवा निवली तरी आतला उकाडा हटत नाही. पांढरा पृष्ठभाग मात्र बरेचसे ऊन परतवून लावतो. 2017 साली शहरातील देवरकोंडा बस्तीत 25 लहान घरांच्या छपरांवर ऊन परतवणारे पांढरे आच्छादन घालून पाहिले, तेव्हा त्या घरांतील हवेचे तापमान सरासरी 2 अंशांनी कमी भरले. पुढे एप्रिल 2023 मध्ये तेलंगण सरकारने 2028 पर्यंतचे शीत-छप्पर धोरण जाहीर केले. त्यात सरकारी व व्यापारी इमारतींना आणि 600 चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील घरांना असे छप्पर बंधनकारक केले. लहान घरांना ते ऐच्छिक ठेवले.

ऐच्छिक असले तरी ते आपल्या हिताचे आहे. प्रथम गच्ची स्वच्छ झाडून धुवावी, भेगा बुजवाव्यात, आणि मग डिंक मिसळलेल्या चुन्याचे किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी उन्हाळ्यापूर्वी तो पुन्हा द्यावा लागतो. रंग महाग, पण अधिक टिकतो. धूळ बसली की दोहोंचाही गुण कमी होतो, हे ध्यानात असू द्यावे.

घरातील उपकरणांचेही असेच आहे. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॉट वीज घेतो. नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा साधारण 30 वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. घेताना ते पाहावे. चोकवाली जुनी ट्यूब 50 वॉटच्या वर जाते, एलईडी 20 वॉटमध्ये काम भागवते. एअर कंडिशनर असल्यास तो 24 अंशांवर ठेवावा. एक अंश वर नेल्याने सुमारे 6 टक्के वीज वाचते. पाण्याची टाकी ओसंडून वाहते तेव्हा केवळ पाणी नव्हे, वीजही वाहून जाते. कारण एक अश्वशक्तीचा पंप तासाला जवळजवळ एक युनिट घेतो.

हे सारे इतके सोपे असता घरोघरी का होत नाही? अज्ञान हे त्याचे एक कारण आहे, पण मुख्य कारण निराळे आहे. घर एकाचे आणि बिल दुसऱ्याचे, ही ती अडचण होय. गच्ची रंगवायची घरमालकाने, थंडावा मिळायचा भाडेकरूला. तेव्हा मालक म्हणतो, "मला त्यात काय?" भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा. तो म्हणतो, "दुसऱ्याच्या घरात मी पैसे का घालू?" दोघांचेही बोलणे आपापल्या परीने रास्त आहे. मात्र त्यामुळे काम कोणीच करत नाही आणि वरच्या मजल्यावरची मुले व म्हातारी माणसे उन्हाळाभर तळमळतात.

ही गाठ थोड्याशा अंकगणिताने सुटू शकते. समजा, वरच्या मजल्यावर तीन पंखे आहेत आणि ते रोज 16 तास, वर्षातून 9 महिने चालतात. नवे पंखे बसवले तर प्रत्येकामागे 45 वॉट वाचतात. तिघांचे मिळून महिन्याला सुमारे 65 युनिटे आणि वर्षाला 583 युनिटे होतात. युनिटाचा दर 6 रुपये धरला तर सुमारे 3,500 रुपये वाचतात, आणि 400 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा राहतो. तीन पंख्यांची किंमत 9,000 रुपये धरू. ती भरून यायला अडीच वर्षांवर काळ लागेल, म्हणून अकरा महिन्यांचा भाडेकरू ते घेणार नाही. परंतु मालकाने पंखे बसवले आणि करारात महिन्याला 200 रुपये अधिक लिहिले, तर भाडेकरूची वर्षाची बचत 3,500 आणि देणे 2,400; त्याच्या पदरी 1,100 रुपये उरतात. मालकाची रक्कम पावणेचार वर्षांत वसूल होते आणि पंखे त्याच्या घरात राहतात. यात दोघांपैकी कोणालाच तोशीस नाही. अट एवढीच की, हिशेब आधी मांडावा, कागदावर लिहावा, आणि बचत झाली नाही तर जादा रक्कम घेऊ नये.

सौरऊर्जेलाही हाच न्याय लागू पडतो. एक किलोवॉटच्या पट्ट्यांना सुमारे 100 चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते आणि त्या आपल्याकडे दिवसाला सरासरी 4 युनिटे देतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती ग्राहकाला एका किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान ठरवले गेले. मात्र गच्ची मालकाची असल्यामुळे पुढाकारही मालकानेच घ्यावयाचा आहे. पंखे, दिवे आणि गच्ची आधी नीट करावी. म्हणजे लागणाऱ्या पट्ट्याही कमी होतात.

येथे आपल्या विश्वस्त संस्थेला मोठे काम करता येईल. एकट्याने पंखे घेण्यापेक्षा पंचवीस घरांनी मिळून घेतले तर भाव कमी पडतो. मालक-भाडेकरू कराराचा साधा मराठी नमुना संस्थेने छापून द्यावा. ज्या वृद्ध किंवा विधवा घरमालकिणींजवळ सुरुवातीची रक्कम नाही, त्यांना ती बिनव्याजी द्यावी व हप्त्याने परत घ्यावी. दानाची रक्कम एकदाच खर्च होते. असा फिरता निधी मात्र एका घरातून दुसऱ्या घरात जात राहतो. आणि आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचे आकडे वहीत टिपण्याचे काम द्यावे. एक शिक्षक म्हणून मी खात्रीने सांगतो की, आपल्या घरच्या मीटरवरून शिकलेले गणित मुले सहसा विसरत नाहीत.

या महोत्सवी वर्षात दहा घरांपासून आरंभ करावा. बारा महिन्यांनी त्या दहा वह्या कार्यकारी मंडळापुढे ठेवाव्यात. किती युनिटे वाचली, किती रुपये वाचले आणि मे महिन्यात वरच्या मजल्यावर झोप कशी लागली, हे त्या घरांतील मालक व भाडेकरू या दोघांनाही विचारावे. दोघांचे उत्तर सारखेच आले, तर अकराव्या घराला समजावण्यासाठी कोणा वक्त्याची गरज पडणार नाही.