‘त्या’ संबंधानंतर हर्पिसची भीती वाटतेय? दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला पळू नका, आधी हे वाचा

चूक झाली, आता काय होईल? हा प्रश्न मनात घेऊन अनेक जण रात्र रात्र मोबाईल चाळत बसतात. लग्नाबाहेर किंवा फारशी ओळख नसलेल्या व्यक्तीशी संबंध आला, कंडोम वापरला नाही, आणि दुसऱ्या दिवशी जांघेत जरा खाज सुटली तरी छातीत धस्स होतं. गुगलवर फोटो बघितले की भीती दुप्पट होते. घरी सांगता येत नाही आणि गावातल्या दवाखान्यात जावं तर बाकड्यावर बसलेले सगळे ओळखीचे.

मग माणूस गुपचूप तालुक्याला जातो, लॅबमध्ये ‘हर्पिसची टेस्ट करा’ म्हणतो आणि पैसे मोकळे करून येतो. गडबड इथेच होते. त्या रिपोर्टमधून परवाच्या संबंधाबद्दल काहीच कळत नाही. निगेटिव्ह आला तर खोटा दिलासा मिळतो आणि पॉझिटिव्ह आला तर विनाकारण संसारात काडी पडू शकते. म्हणून कोणती तपासणी कधी करायची, हे समजून घ्या.

हर्पिस म्हणजे नेमकं काय?

हा विषाणूचा आजार आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या कुणी मुका घेतल्यामुळे वगैरे लागतो. तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात, त्याला आपल्याकडे ‘ताप उतला’ म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच. दुसरा प्रकार मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. मुखमैथुनातून पहिला प्रकारही गुप्तांगाला होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांना पहिल्या प्रकारची, तर १५ ते ४९ वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांना दुसऱ्या प्रकारची लागण आहे. यातल्या बहुतेकांना कधी त्रासच होत नाही किंवा इतका किरकोळ होतो की लक्षातही येत नाही. म्हणजे हा काही फक्त ‘वाईट वळणाच्या’ माणसांचा रोग नाही.

एक गोंधळ कायम होतो. कमरेला किंवा छातीला एका बाजूने पट्ट्यासारखी उठते ती नागीण वेगळी. तिलाही डॉक्टर ‘हर्पिस झोस्टर’ म्हणतात, पण ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि संबंधातून लागत नाही. चिठ्ठीवर नुसतं ‘हर्पिस’ वाचून घरच्या माणसावर संशय घेऊ नका.

कसा लागतो, कसा लागत नाही?

त्वचेला त्वचा घासून हा विषाणू पसरतो. फोड असताना धोका जास्त, पण फोड नसतानाही लागू शकतो. कंडोममुळे धोका बराच कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण आजूबाजूची त्वचा उघडी राहते. एसटी स्टँडचं शौचालय, विहिरीवरची अंघोळ, धुतलेले कपडे यातून हा आजार पसरत नाही. आणि एकदा संबंध आला म्हणजे लागण झालीच, असंही नाही.

तपासणीचं वेळापत्रक

*पहिले ७२ तास:* या तीन दिवसांत हर्पिसपेक्षा एचआयव्हीचा विचार आधी करा. धोका मोठा असेल तर एचआयव्ही रोखणारं औषध ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, सुरू करावं लागतं आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. तुम्हाला त्याची गरज आहे का, हे डॉक्टर ठरवतील. म्हणून लाजेपायी हे तीन दिवस वाया घालवू नका. नको असलेली गर्भधारणा टाळण्याच्या गोळीबद्दलही लगेच विचारा. हर्पिससाठी मात्र ‘आधीच घ्यायची’ अशी गोळी नाही.

*दुसरा ते बारावा दिवस:* हर्पिस झालाच तर लक्षणं साधारण या काळात दिसतात. बारीक पाण्याचे फोड पुंजक्याने येतात, फुटतात, त्याची दुखरी जखम होते. लघवीला आग होते, जांघेत गाठ येते, कधी अंगात कणकण असते. असं दिसलं तर एक-दोन दिवसांतच डॉक्टरला दाखवा. ताज्या फोडातलं पाणी घेऊन पीसीआर तपासणी करता येते. सगळ्यात भरवशाची तपासणी हीच. खपली धरल्यावर गेलात तर तीही चुकू शकते. अनुभवी डॉक्टर नुसतं बघूनही उपचार सुरू करतात.

जखम असूनही दुखत नसेल तर बरं झालं म्हणून घरी बसू नका. ती उपदंशाची, म्हणजे ‘गरमी’ची असू शकते. तो इंजेक्शनने पूर्ण बरा होतो, पण अंगावर काढला तर पुढे महाग पडतो.

*सहा आठवडे ते तीन महिने:* एचआयव्ही आणि उपदंशाची रक्त तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा डॉक्टर सांगतील त्या तारखेला करा, तीन महिन्यांची तपासणी चुकवू नका. हर्पिसची आयजीजी ही रक्त तपासणीही साधारण १२ आठवड्यांनंतरच अर्थाची ठरते, कारण रक्तात प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लगेच घाबरू नका

पहिल्या प्रकाराची आयजीजी पॉझिटिव्ह आली तर बहुतेक वेळा ती लहानपणीची लागण असते. आयजीएम नावाच्या तपासणीवर तर विसंबूच नका. ती जुनी लागण आणि नवी लागण यात फरक करू शकत नाही आणि खोटी पॉझिटिव्हही येते. दुसऱ्या प्रकाराचा आकडा मर्यादेच्या जरासाच वर असेल तर तोही अनेकदा खोटा निघतो, दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी लागते. याच कारणांमुळे अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य यंत्रणा लक्षणं नसलेल्या माणसाची सरसकट हर्पिस तपासणी करू नका, असं सांगतात. कोणी कोणाला दिला, कधी दिला, हे या रिपोर्टवरून ठरत नाही. त्यावरून घरात भांडण काढू नका.

आणि खरंच हर्पिस निघाला तर? विषाणू शरीरातून कायमचा जात नाही, हे खरं. पण अ‍ॅसायक्लोव्हिरसारख्या गोळ्यांनी त्रास लवकर आटोक्यात येतो. पुन्हा येणारे फोड सहसा सौम्य असतात आणि वर्षं जातील तसे कमी होतात. यामुळे नपुंसकत्व येत नाही, लग्न-मुलंबाळं सगळं होतं. गरोदर बाईने मात्र डॉक्टरला आवर्जून सांगावं, कारण शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो.

हे करू नका

- मेडिकलमधून खाज-खरजेचं मलम आणून लावू नका. अनेक मलमांत स्टिरॉइड असतं, त्याने आजार झाकतो आणि वाढतो.
- साबण, जंतुनाशक पाणी लावून घासू नका. त्यानेच आग होते आणि मग तीच हर्पिस वाटते.
- दिवसातून दहा वेळा टॉर्च लावून बघू नका. नायटा, खरूज, केस काढल्यावर येणाऱ्या पुटकुळ्या यातलं काहीही असू शकतं.
- भिंतीवर जाहिरात करणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’च्या हमखास इलाजावर पैसे घालवू नका.

जायचं कुठे?

जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे गुप्तरोगांवर मोफत सल्ला आणि औषधं मिळतात. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते. तिथल्या समुपदेशकाशी बंद खोलीत बोलता येतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. गावात जायला नको वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यात जा. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. संबंध जबरदस्तीने झाला असेल तर सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत उपचार द्यायलाच हवेत. मदतीसाठी १८१ किंवा ११२ लावा.

तोवर घरात काय? तपासणी पूर्ण होईपर्यंत नवरा-बायकोने कंडोम वापरावा, फोड असतील तर संबंध टाळावा. कारण सांगणं अवघड आहे, पण जोडीदाराला आजार दिल्यावर सांगणं त्याहून अवघड आहे. बोलायची हिंमत होत नसेल तर समुपदेशकाची मदत घ्या.

तीन महिन्यांनी सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, अंगावर काही नाही, तरी झोप लागत नसेल, तर आता उपचार भीतीवर हवा. त्यासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार मनात येत असतील तर उद्याची वाट बघू नका, आत्ताच फोन लावा.

(ही माहिती सर्वसाधारण जागृतीसाठी आहे. औषध डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्या.)